साधा मायकेल फॅराडे

फॅराडे हे नाव आपल्यापैकी कुणालाच नवीन नाही. बारावीला इंडक्शनचा नियम पाठ करताना तो भेटला, फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये पुन्हा भेटला, आणि कपॅसिटरचं युनिट म्हणून तर लॅबमध्ये रोजच भेटतो. हॉस्टेलच्या खोलीतला पंखा फिरतो आणि गेटजवळचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, त्या दोन्हींची मुळं त्याच्या प्रयोगवहीत आहेत. पण हा माणूस होता कसा, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

फॅराडे श्रद्धावान ख्रिस्ती होता. आठवडाभर प्रयोगशाळा आणि रविवारी मंडळी, असं त्याचं आयुष्य चाललं. आणि ख्रिस्ती जीवनात जी गोष्ट सगळ्यात अवघड समजली जाते, ती म्हणजे नम्रता, तिच्यासाठी तो जन्मभर झटला.

आता नम्रता म्हटलं की आपल्यासमोर काय येतं? व्हायवाला एक्स्टर्नलसमोर मान खाली घालून उभं राहणं! पण ती नम्रता नव्हे, ती भीती. फॅराडेची नम्रता निराळी होती. शिवाय ती त्याला जन्मतः मिळालेली नव्हती. मूळचा तो तापट, मानी आणि स्वतःचं नाव व्हावं अशी इच्छा असलेला मुलगा होता. नम्रता त्याच्यात हळूहळू वाढली, चांगली पन्नास वर्षं लागली, आणि वाटेत काही वेळा चांगलाच मार बसला. त्या वाढीचीच ही गोष्ट आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन इथला. वडील जेम्स लोहार. तब्येत सतत बिघडलेली, त्यामुळे काम कधी मिळे, कधी नाही. १८०१ साली महागाई इतकी वाढली की घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीकच पाव येई. नऊ वर्षांच्या मायकेलला एक पाव मिळे आणि तो आठवडाभर पुरवावा लागे. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब, तिथेच संपली.

घर सँडेमनियन पंथाचं होतं. हा अगदी छोटा पंथ. स्कॉटलंडमध्ये जॉन ग्लास यांनी तो सुरू केला आणि त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन यांनी पुढे वाढवला. या मंडळीत पगारी धर्मगुरू नाही. सभासदांमधूनच काही जणांना 'वडील' म्हणून निवडायचं आणि त्यांनी आपापला धंदा सांभाळून उपासना चालवायची. संपत्ती साठवणं चांगलं समजत नसत, उरलेलं गरजूंना द्यायचं. रविवारी दोन उपासनांच्या मधे सगळ्यांनी एकत्र प्रीतिभोजन करायचं, त्यात दुकानदारही आले आणि मोलमजुरी करणारेही आले. येशूने शिष्यांचे पाय धुतले ही शुभवर्तमानातली गोष्ट त्यांनी शब्दशः घेतली होती आणि प्रसंगी ते एकमेकांचे पाय धूत. आपल्या पुण्याईवर तारण मिळत नाही, ते देवाच्या कृपेने मिळतं, ही त्यांची मुख्य शिकवण. म्हणजे मिरवायला काही जागाच नाही! अर्थात हे लहानपणी ऐकणं वेगळं आणि अंगी बाणवणं वेगळं.

तेराव्या वर्षी मायकेल ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो यांच्या दुकानात निरोप्या पोऱ्या म्हणून लागला. पुढे १८०५ पासून सात वर्षं तिथेच बुकबाइंडिंगची उमेदवारी केली. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं सोपं पुस्तक, या दोहोंनी त्याला झपाटून टाकलं. शहरात संध्याकाळी विज्ञानाची व्याख्यानं होत, फी एक शिलिंग. ते पैसे लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट देई. १८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे विज्ञानातले हिरोच! मायकेलने चार व्याख्यानांच्या नोट्स स्वच्छ लिहून काढल्या, आकृत्या काढल्या, स्वतः बाइंडिंग केलं आणि ते पुस्तक डेव्हींना पाठवून दिलं. पुढे तिथल्या एका मदतनिसाची नोकरी गेली आणि १ मार्च १८१३ रोजी मायकेल त्या जागी लागला. आठवड्याला पंचवीस शिलिंग, माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले. युद्धाचे दिवस होते, नेपोलियनच्या मुलखात जायचं म्हटल्यावर डेव्हींच्या खासगी नोकराने ऐनवेळी पाय मागे घेतला. मग काय, पॅरिसला दुसरा माणूस मिळेपर्यंत तेवढं तूच सांभाळ, असं मायकेलला सांगण्यात आलं. दुसरा माणूस शेवटपर्यंत मिळालाच नाही. दीड वर्ष तो शास्त्रज्ञाचा सहायकही होता आणि कपड्यालत्त्याची व्यवस्था बघणारा गडीही. लेडी डेव्ही तर त्याला नोकरासारखंच वागवत आणि त्याची जागा त्याला उठताबसता दाखवून देत. एकीकडे अँपिअर आणि व्होल्टा यांची भेट, दुसरीकडे हे! तो इतका वैतागला की सगळं सोडून घरी परत जावं असं त्याने मित्राला पत्रात लिहिलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अपमान झाला म्हणून कुणी नम्र होत नाही. उलट बाविसाव्या वर्षी असा अपमान झाला की माणूस मनात गाठ मारून ठेवतो आणि पुढे आपल्या हाताखालच्यांवर ती सोडवतो. रॅगिंग का चालू राहतं, याचं उत्तर यातच आहे. फॅराडेही ती गाठ घेऊन परतला असता तर नवल नव्हतं.

पुढचा टप्पा १८२१ चा. १२ जूनला त्याचं सारा बर्नार्डशी लग्न झालं. ती त्याच मंडळीतली. लग्नाला जेमतेम महिना झाला आणि मायकेलने मंडळीसमोर विश्वासाची जाहीर कबुली देऊन सभासदत्व घेतलं. आधी बायकोलाही बोलला नाही. तिने विचारलं तेव्हा, हा माझा आणि देवाचा प्रश्न आहे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आणि लगेच परीक्षा आली! सप्टेंबर १८२१ मध्ये त्याने पाऱ्यात बुडवलेली तार करंट सोडून चुंबकाभोवती फिरती ठेवली. विजेवर चालणाऱ्या मोटरची ही सुरुवात. आनंदाच्या भरात त्याने निबंध लगोलग छापायला दिला. पण वोलास्टन नावाचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ अशाच एका कल्पनेवर काम करत होते, आणि त्यांचा उल्लेख निबंधात राहून गेला. झालं, लंडनभर कुजबुज सुरू झाली की पोराने कल्पना चोरली. खरं तर वोलास्टन यांना तार स्वतःभोवती फिरेल असं वाटत होतं, ही गोष्ट वेगळी होती. पण बाजू मांडणार कोण? फॅराडेने अकांडतांडव केलं नाही आणि गप्पही बसला नाही. त्याने सरळ वोलास्टन यांना पत्र लिहिलं, भेट मागितली आणि माझं काही चुकलं असेल तर सांगा असं कळवलं. पुढे वोलास्टन स्वतः त्याच्या प्रयोगशाळेत प्रयोग पाहायला आले.

डेव्हींचं मन मात्र फिरलं. शिष्य पुढे जातोय हे गुरूला सोसवेना. १८२३ मध्ये फॅराडेने क्लोरीनचं द्रवात रूपांतर केलं, तेव्हा मूळ सूचना माझीच, असं डेव्हींनी जोडून दिलं. रॉयल सोसायटीसाठी फॅराडेचं नाव सुचवलं गेलं तेव्हा अध्यक्षपदी डेव्हीच होते. त्यांनी अर्ज मागे घ्यायला सांगितलं. फॅराडेचं उत्तर शांत होतं: अर्ज मी केलेला नाही, ज्यांनी नाव सुचवलं त्यांना विचारा. जानेवारी १८२४ मध्ये निवड झाली, विरोधात फक्त एक मत पडलं. यानंतर फॅराडेने काय करावं? त्याने डेव्हींबद्दल वावगं बोलायचं नाही असंच जणू ठरवून टाकलं. डेव्ही १८२९ मध्ये गेले, पण त्यानंतरही तो त्यांचं नाव उपकारकर्ता म्हणूनच घेत राहिला. ती गाठ इथे सुटली असं म्हणायला हरकत नाही.

स्वतःच्या उणिवा तो लपवत नसे, हे दुसरं. व्याख्यान चांगलं जमावं म्हणून त्याने पैसे देऊन उच्चाराचे धडे घेतले. एका मित्राला मुद्दाम श्रोत्यांत बसवून चुका टिपायला सांगितलं. आपण घाईने बोलतो हे माहीत असल्यामुळे सावकाश असं लिहिलेलं कार्ड समोर ठेवायची सोय केली. आपण प्रेझेंटेशननंतर मित्राला कसं झालं विचारतो, ते कौतुक ऐकायला! हा माणूस चुका ऐकायला विचारत होता. पुढे तोच लंडनमधला सगळ्यात लोकप्रिय वक्ता झाला. मुलांसाठी नाताळात व्याख्यानमाला होत, त्यातल्या एकोणीस त्याने स्वतः दिल्या.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कडीवर दोन कॉइल गुंडाळून केलेला तो प्रसिद्ध प्रयोग झाला आणि दोनच महिन्यांत चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणाऱ्या तांब्याच्या तबकडीतून त्याने सतत करंट मिळवला. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर या दोघांचे हे पूर्वज. सगळं आपल्याला पाठ आहे, म्हणून त्यात जास्त शिरत नाही. पण या यशाच्या सुमारासच त्याने एक निर्णय घेतला. कंपन्यांना सल्ला देऊन तो वर्षाला हजार पौंडांच्या आसपास मिळवू लागला होता. ते काम त्याने जवळजवळ सोडून दिलं आणि संशोधनाला वेळ ठेवला.

त्याच्या प्रयोगशाळेत चार्ल्स अँडरसन नावाचा एक निवृत्त सार्जंट होता. काचेच्या भट्टीवर मदतीला आला तो कायमचाच राहिला. फॅराडे सांगेल तेवढंच आणि सांगेल तसंच करायचं, हा त्याचा बाणा. एकदा संध्याकाळी त्याला घरी जा म्हणायचं राहून गेलं तर तो रात्रभर भट्टीत कोळसा घालत बसला, अशी गोष्ट सांगतात. १८४५ मध्ये फॅराडेने चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे दाखवलं. जगभर वाचल्या जाणाऱ्या त्या निबंधात त्याने मुद्दाम टीप घालून अँडरसनचं नाव, त्याची चिकाटी आणि त्याचे उपकार नोंदवले. कधीकाळी गाडीत बाहेर बसवलेला मायकेल आता दुसऱ्याला आत बोलावत होता.

नवीन शब्द लागले तेव्हाही तसंच. ग्रीक येत नाही हे उघड सांगून त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्युएल यांची मदत मागितली. अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द तिथून आले.

पण याचा अर्थ तो कुणापुढेही वाकत होता असा नाही. १८३५ मध्ये सरकारी पेन्शन देण्याची बोलणी करायला पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी त्याला बोलावलं आणि शास्त्रज्ञांना पेन्शन देणं हा सगळा भंपकपणा आहे अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेले. फॅराडे उठला, घरी आला आणि त्याच संध्याकाळी नकाराची चिठ्ठी पाठवून दिली. पंतप्रधानांनी लेखी दिलगिरी व्यक्त केल्यावरच वर्षाला तीनशे पौंडांचं ते पेन्शन त्याने घेतलं. नम्र माणसाला कणा नसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

आता सगळ्यात कठीण प्रसंग. १८४० मध्ये मंडळीने फॅराडेला 'वडील' म्हणून निवडलं. मग त्याला रविवारी उपदेशही करावा लागे. ज्याचं व्याख्यान ऐकायला लंडन लोटायचं, तो इथे काय करी? बायबलमधली वचनं एकामागून एक वाचून दाखवी. आपलं वक्तृत्व त्यात घालत नसे. चॅपलमध्ये लोकांनी फॅराडेला ऐकायला येऊ नये, देवाचं वचन ऐकायला यावं, असं जणू त्याचं धोरण होतं.

आणि ३१ मार्च १८४४ रोजी त्याच मंडळीने त्याला बाहेर काढलं! बरीच वर्षं याची एक चटकदार गोष्ट सांगितली जायची, की रविवारी राणीकडे जेवायला गेला म्हणून त्याला काढलं. पण मंडळीच्या नोंदी तपासणाऱ्या जेफ्री कँटर या अभ्यासकाने १९९१ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की त्या गोष्टीला आधार नाही. मंडळीतच शिस्तीवरून मोठा वाद झाला होता आणि त्या सुमारास बऱ्याच जणांना वगळलं गेलं, त्यात फॅराडेच्या नात्यातलेही होते.

कल्पना करा. वय बावन्न. युरोपभर कीर्ती. आणि कारागीर, दुकानदार अशा साध्या लोकांच्या एका चिमुकल्या मंडळीने सांगितलं की तू आमच्यात बसू नकोस. त्या पंथाचा नियम असा, की परत यायचं तर सर्वांसमोर पश्चात्ताप सांगायचा आणि सर्वांनी एकमताने घ्यायचं. पुन्हा चूक झाली तर मात्र परतीचा रस्ता बंद. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, गेलात उडत! लंडनमध्ये चर्चची काय कमी होती? कुठल्याही चर्चने त्याला डोक्यावर घेतलं असतं. पण फॅराडे तिथेच परत गेला. ५ मे १८४४ रोजी त्याला पुन्हा घेतलं. 'वडील' हे पद मात्र गेलं ते गेलंच. पुढची सोळा वर्षं तो साध्या बाकावर साधा सभासद म्हणून बसला. १८६० मध्ये मंडळीने त्याला परत 'वडील' निवडलं.

माझ्या मते फॅराडेच्या नम्रतेची खरी परीक्षा हीच. मोठ्या माणसाने मोठेपण नाकारलं की त्याचं कौतुकच होतं, म्हणजे त्यातही एक मोठेपण आहे. इथे मात्र टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं. आपल्याहून कमी शिकलेल्या, जगाच्या दृष्टीने लहान असलेल्या माणसांनाही आपल्याला दुरुस्त करायचा हक्क आहे, हे त्याने मान्य केलं. आणि पुन्हा त्यांच्याच पंगतीला जाऊन बसला.

यानंतरचा फॅराडे पाहिला की प्रयोगशाळेतही तीच वृत्ती दिसते. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा काही संबंध असणार असं त्याला मनापासून वाटे. त्याने उंचावरून वस्तू टाकून, कॉइल लावून खूप प्रयोग केले. हाती काहीच लागलं नाही. तर त्याने तेही छापलं! कल्पना सोडवत नाही, पण पुरावा मिळालेला नाही, असं स्वच्छ लिहिलं. १८५४ मध्ये राणीचे पती प्रिन्स आल्बर्ट यांच्या उपस्थितीत त्याने मनाच्या शिक्षणावर व्याख्यान दिलं. आपल्याला हवं तेच खरं वाटण्याकडे मनाचा ओढा असतो, म्हणून आपल्या बाजूच्या पुराव्याकडे जास्त संशयाने बघावं, आणि या शिक्षणाची पहिली पायरी नम्रता आणि शेवटचीही नम्रताच, असा त्याचा सारांश. आपली श्रद्धा मात्र त्याने या युक्तिवादात ओढली नाही, ती वेगळी ठेवतो असं सुरुवातीलाच सांगितलं.

गणित त्याला येत नव्हतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने फॅराडेच्या बलरेषांना गणितात बसवणारा निबंध १८५७ मध्ये त्याला पाठवला, तेव्हा मॅक्सवेल पंचविशीत आणि फॅराडे पासष्टीचा. इतकं गणित पाहून आधी घाबरलो, मग आनंद झाला, असं त्याने मोकळेपणाने कळवलं. पुढे त्याच वर्षी विनंतीही केली की गणितातून काढलेले निष्कर्ष आमच्यासारख्यांसाठी साध्या भाषेतही लिहिता येतील का बघा. चाळीस वर्षांनी लहान माणसाला असं विचारणं सोपं नसतं.

साधारण याच काळात त्याला रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद देऊ केलं. ज्या खुर्चीवर न्यूटन बसले, डेव्ही बसले, ती खुर्ची! त्याने नको म्हटलं. शेवटपर्यंत साधा मायकेल फॅराडे म्हणूनच राहायचं आहे, अशी त्याची भूमिका होती. पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनचं अध्यक्षपदही त्याने नाकारलं. 'सर' न लागताच तो गेला.

म्हातारपणी स्मरणशक्ती दगा देऊ लागली. ज्याची ओळखच बुद्धी, त्याला याहून मोठी शिक्षा कोणती? पण आपल्याला आठवत नाही हेही तो पत्रांतून साधेपणाने सांगे. प्रयोगवहीतल्या नोंदींना तो क्रमांक देई. ते सोळा हजारांच्या पुढे गेले. १२ मार्च १८६२ च्या शेवटच्या प्रयोगात चुंबकाने ज्योतीच्या वर्णपटात बदल होतो का ते पाहिलं. बदल दिसला नाही, आणि तसं त्याने लिहून ठेवलं. १८९६ मध्ये झीमनने अधिक चांगल्या उपकरणांनी तो बदल शोधला.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरात, अभ्यासिकेतल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याने प्राण सोडला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये नाही, तर हायगेटच्या स्मशानभूमीत साधेपणाने त्याला पुरलं. दगडावर फक्त नाव आणि तारखा. पुढे १९९१ ते २००१ या काळात बँक ऑफ इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. पैशाकडे पाठ फिरवलेल्या माणसाचा चेहरा नोटेवर! त्याला गंमतच वाटली असती.

मित्रहो, आपण इंजिनिअर होणार, उद्या मोठ्या कंपन्यांत जाणार, नावापुढे डिग्र्या लागणार. यात वाईट काही नाही. फॅराडेलाही आपल्या कामाची किंमत माहीत होती. पण आपल्याला चूक दाखवणारा कुणीतरी हवा, आणि तो आपल्याहून मोठाच असायला हवा असं नाही, एवढं त्याच्याकडून घेता येईल. फॅराडे ते येशूच्या पायाशी शिकला, ज्याने स्वतः शिष्यांचे पाय धुतले. ज्याची त्याची श्रद्धा वेगळी असेल, पण हा अभ्यासक्रम सगळ्यांसाठी खुला आहे.

सुरुवात लहान करावी. या वर्षी फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आभाराचं पान लिहाल, तेव्हा प्रिन्सिपॉल, एचओडी आणि गाइड यांच्या नावांनंतर लॅबमध्ये रात्री आठपर्यंत थांबून मशीन चालू करून देणाऱ्या लॅब अटेंडंटचंही नाव लिहा. पूर्ण नाव, आडनावासकट. आणि ते माहीत नसेल, तर आधी जाऊन विचारा.